परदेशी भाषेतून कोर्सवर्क : लेक्चर समजतं, पण लिहायला बसलं की सगळं अडतं

निळीशाई :

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी जर्मनीत शहर नियोजनात मास्टर्स करतेय आणि कोर्स पूर्ण जर्मनमधून आहे. यायच्या आधी टेस्टडाफ, म्हणजे जर्मन भाषेची परीक्षा, दिली होती, चारही भागांत टीडीएन ४ ही पातळी मिळाली, म्हणजे प्रवेशाला भाषेची अट पूर्ण झाली, आणि मला खरंच वाटलं होतं की आता भाषेचा प्रश्न संपला. पहिलं सेमिस्टर संपलं तेव्हा एका क्लाउझूरमध्ये, म्हणजे लेखी परीक्षेत, ४.० आले आणि दुसऱ्या पेपरात ५.०. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इथे १.० सगळ्यात चांगला आणि ४.० ला काठावर पास, ५.० म्हणजे नापास. मी आयुष्यात कधी नापास झाले नव्हते, घरी अजून सांगितलेलं नाही.

लेक्चर समजत नाही असं नाहीये. बरंचसं समजतं, वर्गातल्या मुलांशी बोलते, दुकानात, ऑफिसात कुठेच अडत नाही. पण लिहायला बसलं की हात थांबतो. आत्ता १५ पानांची हाउसआर्बाइट लिहायची आहे, हा सेमिस्टरअखेरीस द्यायचा मोठा निबंध, विषय आहे नवीन वस्ती वसवताना तिथल्या लोकांचं म्हणणं प्लॅनमध्ये कितपत उतरतं. मी मराठीत विचार करते, इंग्रजीत मुद्दे काढते आणि मग जर्मन करते, दिवसाला अर्धं पान होतं आणि दुसऱ्या दिवशी वाचलं की तेही खोडावंसं वाटतं.

परवा एक तास एका शब्दावर गेला. इथल्या बांधकाम कायद्याच्या पहिल्याच कलमात आबत्सुव्हेगन असा शब्द आहे, डिक्शनरीत शोधला तर मिळेना, शेवटी कळलं की मूळ क्रियापद आबव्हेगन आहे, म्हणजे तोलणं, आणि त्याच्या पोटात मध्येच त्सु घुसलाय. असे प्रत्येक पानावर आठ-दहा.

कोणी परक्या भाषेतून कोर्सवर्क पूर्ण केलंय का? शब्द वाढवायला काय केलंत? रोज ५० शब्द पाठ करायचं ठरवलंय, ते बरोबर आहे का?

रानवाट :

वाचतेय. मी पण याच बोटीत, फक्त माझं पहिलं सेमिस्टर अजून अर्धं व्हायचंय. तुझं वाचून पोटात गोळा आला पण एकटी नाहीये हे कळून बरंही वाटलं.

सरळसांगतो :

मी स्पष्टच लिहितो, राग मानू नका. जर्मनीत इंग्रजीतून चालणारे मास्टर्स भरपूर आहेत, वर्ष वाया जायच्या आधी तिकडे बदली बघा. डिग्री महत्त्वाची, भाषा नंतर शिकता येते.

निळीशाई :

राग कसला, हा विचार माझ्याही मनात दहादा आलाय. पण मला काम नगरपालिकेच्या नियोजन विभागात करायचंय, तिथे फाइल, कायदा, नकाशावरची टीप, नागरिकांच्या हरकती, सगळं जर्मनमध्ये येतं. इंग्रजीतून डिग्री घेतली तरी हीच भिंत दोन वर्षांनी समोर येणार, आणि तेव्हा शिकवायला कोणी नसणार. आत्ता निदान चूक केली तर लाल पेनाने दाखवणारं माणूस आहे.

अर्धविराम :

निळीशाई, जरा मोठं लिहितोय, वेळ काढून वाच. मी इथे मेकॅनिकलचं मास्टर्स जर्मनमधून केलं, आता नोकरीत आहे, आणि पहिल्या सेमिस्टरला माझीही अवस्था हीच होती.

आधी ते ५० शब्दांचं. नको करूस. तुझा अडथळा शब्दांचा नाहीच आहे असं मला तुझं लिहिणं वाचून वाटतंय. भाषेत सी१ च्या, म्हणजे बऱ्याच वरच्या, पातळीला पोचलेल्या माणसाकडे शब्द पुरेसे असतात. अडतं ते दुसरीकडेच : प्रत्येक विद्यापीठी लिखाणाचा एक साचा असतो, तिथली मुलं तो शाळेपासून गिरवत आलेली असतात म्हणून त्यांना तो दिसतच नाही, आणि आपल्याला तो कोणी सांगत नाही. भाषेच्या परीक्षेतही तो येत नाही.

तू आइनझिश्टला गेलीस का? निकालानंतर आपला तपासलेला पेपर बघायचा हक्क असतो, त्याची तारीख लावतात, बहुतेक परदेशी मुलं लाजेपोटी जात नाहीत आणि तिथेच मोठं नुकसान होतं. जा, ५.० वाल्या पेपरचं तर नक्कीच बघ. आणि बघताना व्याकरणाच्या चुका मोजू नकोस, प्रश्नाच्या पहिल्या शब्दाकडे बघ. इथे प्रश्नातलं क्रियापदच सांगतं की काय लिहायचं. नेनन असेल तर नुसती नावं द्या, एक ओळ पुरते, त्यावर अर्धं पान खर्च करायचं नाही. एरलॉइटर्न म्हणजे उलगडून सांगा, उदाहरणासकट. बेग्र्युंडन म्हणजे कारण द्या. आणि एरओर्टर्न असेल तर दोन्ही बाजू मांडून, तोलून, शेवटी स्वतःचा निर्णय द्यायचा. मी पहिल्या परीक्षेत सगळ्याच प्रश्नांना ‘माहिती लिहा’ असं समजून लिहिलं. माहिती बरोबर होती, मार्क नव्हते.

आता हात थांबण्याबद्दल. तीन भाषांतून फिरणं बंद कर. मराठीत विचार केला तर काही बिघडत नाही, पण कागदावर पहिला शब्द पडेल तो जर्मनच पाहिजे, मोडका का असेना. लेख वाचताना टिपणंही जर्मनमध्येच काढ. मी दोन महिने रोज एवढंच केलं, वाचलेल्या प्रत्येक लेखावर पुस्तक मिटून पाच जर्मन वाक्यं, चुकीची का असेनात. तिसऱ्या आठवड्यात इंग्रजीतून जायची सवय आपोआप सुटायला लागली.

चूक कशी होते त्याचं एक उदाहरण देतो, अजून विसरलेलो नाही. लॅबचा रिपोर्ट होता, तापमान ८० अंशांपर्यंत वाढवण्यात आलं, मग दाब मोजण्यात आला, असं सगळं. जर्मनमध्ये ‘करण्यात आलं’ला वुर्ड लागतं. मी सगळीकडे यू अक्षरावर दोन टिंबं देऊन व्युर्ड लिहिलं होतं. त्या दोन टिंबांनी ‘वाढवलं’चं ‘वाढवलं असतं’ होतं. असिस्टंटने अकरा ठिकाणी गोल करून शेवटी लिहिलं होतं, ‘प्रयोग झाला की नाही?’ रिपोर्ट परत. त्या दिवसापासून मी काहीही जमा करायच्या आधी एकदा फक्त टिंबांसाठी वाचतो, बाकी काही बघत नाही.

आणि मराठीला अडचण समजू नकोस. इंग्रजीतून जर्मन शिकवतात म्हणून आपल्याला वाटतं सगळंच नवीन आहे. टेबल पुल्लिंगी आणि दिवा स्त्रीलिंगी कसा, याचा इंग्रजी बोलणाऱ्याला धक्का बसतो, आपण तर तो डोंगर, ती नदी, ते झाड म्हणतच मोठे झालो, फक्त लिंग कुठलं ते पाठ करायचं. गौणवाक्यात क्रियापद शेवटी जातं म्हणून सगळे रडतात, आपलं तर नेहमीच शेवटी असतं. आकडे घे, जर्मनमध्ये ६७ म्हणताना सात आधी आणि साठ नंतर, आपलं सदुसष्ट तसंच. लेक्चरमध्ये आकडे उतरवताना मी इंग्रजीतून ऐकायचं सोडलं आणि चुका थांबल्या. विभक्ती तर आपण पाठच केल्यात, इथे चारच आहेत.

सगळ्यात उपयोगी पडलं ते ‘म्हणे’. जर्मनमध्ये दुसऱ्याचं मत सांगताना क्रियापदाचं वेगळं रूप वापरतात, कोन्युंक्टिव्ह १, वाचणाऱ्याला कळतं की हे लेखकाचं म्हणणं आहे, माझं नाही. आपल्या ‘म्हणे’चं काम तेच, फक्त आपल्या ‘म्हणे’त थोडी शंका मिसळलेली असते आणि त्यांच्यात ती नसते, नुसतं अंतर असतं. हाउसआर्बाइटमध्ये कुठलं मत तुझं आणि कुठलं पुस्तकाचं हे वेगळं दिसलंच पाहिजे, नाहीतर उद्या कोणी चोरीचा संशय घेईल.

जेवायची वेळ झाली, उरलेलं नंतर.

ओंजळ :

अर्धविरामदादांना अनुमोदन. मी जपानमध्ये शिकले, तिथेही अडलं ते साच्यावरच. मी एन१, म्हणजे जपानीच्या परीक्षेची सगळ्यात वरची पातळी, पास होते आणि पहिला रिपोर्ट छान देसु-मासु लावून, आदराने लिहून दिला. सरांनी बोलावून सांगितलं की बोलताना हे योग्य, पण रिपोर्ट दे-आरु शैलीत लिहायचा, तिथे वाचकाशी नम्रपणे बोलायचं नसतं, नुसतं विधान करायचं असतं. मला ते इतकं उद्धट वाटायचं की पहिले काही आठवडे लिहिताना संकोच व्हायचा. भाषेचे क्लास चार वर्षं केले, हे कोणी ठासून सांगितलं नव्हतं.

आणि झेमीत, म्हणजे सरांच्या छोट्या गटात, दर आठवड्याला कोणीतरी एका प्रकरणाचा सारांश एक-दोन पानांत वाटायचा असतो. मी त्या पानांच्या जुन्या प्रती सिनियरकडून मागून घेतल्या आणि त्यातून शिकले. तुझ्या वर्गात कोणाकडे चांगले मार्क मिळालेली जुनी हाउसआर्बाइट असेल तर माग. लाजू नकोस, देतात लोक. फक्त मांडणी बघायला, हे वेगळं सांगायला नको.

पायवाट७ :

फ्रान्समधून. इथे तर निबंधाला आराखडा नसेल तर आतलं कोणी वाचतही नाही अशी माझी भावना झाली होती. आधी एक प्रश्न उभा करायचा, त्याला प्रोब्लेमातीक म्हणतात, मग दोन किंवा तीन भाग, प्रत्येक भागात उपभाग, आणि एका भागातून दुसऱ्यात जायला जोडवाक्य. मी पहिल्यांदा सगळी माहिती ओतली होती, २० पैकी ८, पास व्हायला १० लागतात. पुढच्या वेळी माहिती निम्मी केली आणि आराखडा घट्ट केला तर १३. फ्रेंच तेवढंच होतं, काही सुधारलं नव्हतं!

दुसरं म्हणजे बोलायची भीती. मी गटातल्या मुलीला सांगून ठेवलं होतं की मी वाक्य शोधतेय असं दिसलं तर माझ्यासाठी ते पूर्ण करू नकोस, थांब. ती थांबायला लागली आणि मला वाक्यं सापडायला लागली.

निळीशाई :

तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले, प्रिंट काढून भिंतीवर लावलेत. एक विचारायचं राहिलं, मशीन ट्रान्सलेशन वापरावं का? वर्गातले सगळेच वापरतात असं दिसतं. मी मराठीतून किंवा इंग्रजीतून लिहून त्यात टाकलं तर दोन दिवसांत १५ पानं होतील.

अर्धविराम :

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नियमाची : हाउसआर्बाइटच्या शेवटी सही करून लिहून द्यावं लागतं की काम स्वतः केलंय आणि वापरलेली साधनं सांगितली आहेत. भाषांतराचं सॉफ्टवेअर किंवा एआय चालतं का, कितपत, आणि कुठे नमूद करायचं, हे विभागागणिक, कधी कधी शिक्षकागणिकही बदलतं, म्हणून शिक्षकांना ईमेलवर विचार आणि उत्तर जपून ठेव. तोंडी ‘चालेल’ म्हणाले यावर जाऊ नकोस.

दुसरी तुझ्या विषयाची, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. तू कायद्याच्या शेजारी लिहितेयस. ग्रुंडझेट्सलिश हा शब्द घे. रोजच्या बोलण्यात कोणी ग्रुंडझेट्सलिश म्हणालं तर बऱ्याचदा ‘एकदम ठाम, अपवादच नाही’ असा अर्थ निघतो. कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ बरोबर उलटा, ‘नियम असा आहे, पण अपवाद असू शकतात’. तसंच ‘झोल’ हे जर्मन क्रियापद. कायद्यात झोल आलं तर एरवी करायचंच, काही खास परिस्थिती असेल तरच सोडता येतं. इंग्रजीतून गेलीस तर त्याचं ‘करावं’ असं मवाळ काहीतरी होईल आणि तुझा अख्खा मुद्दा वाकडा जाईल. मशीनचं वाक्य गुळगुळीत असतं, म्हणून चूक दिसतही नाही. स्वतः लिहिलेल्या मोडक्या वाक्यात निदान खटकतं तरी.

स्वतः लिहिलेलं तपासायला वापर, परवानगी असेल तर. एक परिच्छेद जर्मनमध्ये लिही, मशीनकडून मराठीत करून घे आणि वाच, तुला म्हणायचं होतं तेच आलं का बघ. मला याचा खूप उपयोग झाला.

आणि श्प्रेशश्टुंडला जा, म्हणजे शिक्षकांच्या भेटीच्या तासाला. वेळ घेऊन, हातात एक पान घेऊन : वर एका वाक्यात प्रश्न, खाली प्रकरणांची यादी, बस. ‘माझं जर्मन कच्चं आहे’ अशी सुरुवात करू नकोस, ते त्यांना पाच मिनिटांत कळेल. सरळ विचार, की हा प्रश्न १५ पानांत बसतो का आणि यातलं काय काढू. विद्यापीठात श्राइबत्सेंट्रुम, म्हणजे लेखन केंद्र, असेल तर तिथेही फुकट मदत मिळते, ते चुका दुरुस्त करून देत नाहीत, पण लेख कसा उभा करायचा ते शेजारी बसून दाखवतात.

हो, आणि नियमावली वाच, प्र्यूफुंग्सऑर्डनुंग. कंटाळवाणी आहे, तरी वाच. एका पेपरला किती वेळा बसता येतं ते त्यात असतं. बऱ्याच ठिकाणी शेवटचा प्रयत्नही गेला तर नाव कमी होतं आणि तोच कोर्स देशात दुसरीकडेही करता येत नाही. परीक्षेतून नाव कधीपर्यंत मागे घेता येतं तेही बघ, तयारी नसताना बसून प्रयत्न घालवण्यापेक्षा ते बरं. आजारी पडलीस तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लगेच द्यायचं, नंतर दिलेलं धरत नाहीत.

रानवाट :

हे सगळं मी पण लिहून घेतलं. प्र्यूफुंग्सऑर्डनुंग आजच डाउनलोड केली, ३८ पानं आहे.

निळीशाई :

आइनझिश्टला जाऊन आले. सांगते.

खोलीत बारा-पंधरा जण होते, प्रत्येकापुढे आपापला पेपर. माझा पेपर उघडला तर लाल शाई फारशी नव्हतीच, मला वाटलं होतं भाषेच्या चुकांनी पान लाल झालं असेल. चौथा प्रश्न २० मार्कांचा, एरओर्टर्न. मी नवीन वस्तीचे सात फायदे आणि पाच तोटे लिहिले होते, सगळे बरोबर, प्रत्येकापुढे बरोबरची छोटी खूण. आणि खाली समासात एकच शब्द, ‘आणि?’

२० पैकी ६.

मी असिस्टंटना विचारलं की काय हवं होतं, तर त्या म्हणाल्या, ‘तुम्हाला काय वाटतं ते. याद्या मला माहीत आहेत.’ मी तिथेच खुर्चीत बसून राहिले दोन मिनिटं. मी मुद्दामच माझं मत लिहिलं नव्हतं, मला वाटलं परक्या भाषेत, पहिल्या वर्षाला, माझ्या मताला कोण विचारतं, माहिती पूर्ण दिली की झालं. आणि मार्क तर मताचेच होते.

घरी येताना ट्राममध्ये कायद्याचं ते वाक्य परत काढलं. त्यात लिहिलंय की प्लॅन करताना सार्वजनिक आणि खासगी हितं एकमेकांसमोर आणि आपापसात न्याय्य रीतीने तोलायची आहेत. ज्या शब्दावर माझा तास गेला होता, आबत्सुव्हेगन, चौथ्या प्रश्नात मला तेच करायला सांगितलं होतं. इथले प्लॅनर जे काम करतात त्याचंच नाव ते आहे. मी तो शब्द डिक्शनरीत शोधला, पण पेपरात केला नाही.

हाउसआर्बाइटची सहा पानं होती, चार काढून टाकली. आता प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तोलते. भाषा कच्चीच आहे पण हात थांबत नाहीये.

ओंजळ :

डोळ्यांत पाणी आलं ग वाचून. घरी सांग आता.

निळीशाई :

सांगितलं काल. आईने विचारलं, पेपर परत देता येतो ना? म्हटलं येतो. म्हणाली मग झालं.

पायवाट७ :

जमा केल्यावर इथे लिही नक्की. वाट बघतेय.

निळीशाई :

धागा वर काढतेय, बराच उशीर झाला. हाउसआर्बाइटला २.३ मिळाले. शिक्षकांनी तीन ठिकाणी ‘वाक्य फार लांब’ असं लिहिलंय आणि ती तिन्ही मराठीत विचार करून लिहिलेली होती, ते मलाही ओळखू आलं. ग्रुंडझेट्सलिश दोनदा वापरलाय, दोन्ही वेळा बरोबर. नापास झालेला पेपर परत दिला, ३.० आले, एरओर्टर्नच्या प्रश्नाला २० पैकी १४.

श्राइबत्सेंट्रुमला चार वेळा गेले, रानवाट, तू पण जा, पहिल्यांदा जायलाच जड जातं.

पुढच्या सेमिस्टरला एक विषय असा घेतलाय ज्याची परीक्षा तोंडी आहे, समोर दोन जण बसणार, अर्धा तास. लिहिताना खोडता येतं, बोलताना काय करतात? कोणी दिली आहे का?

अर्धविराम :

अभिनंदन ग, मनापासून. तोंडी मी तीन दिल्यात. आज कामावर आहे, रात्री सविस्तर लिहितो. तोवर एवढंच कर, प्रश्न कळला नाही तर तो स्वतःच्या शब्दांत त्यांना परत विचारायची दोन वाक्यं आत्ताच तयार करून ठेव आणि आरशासमोर मोठ्याने म्हण.